दोन बोनिफासियो

महादेव तायडे गेल्याची बातमी मला अकोल्याहून येणाऱ्या बसच्या कंडक्टरने दिली. अमरावतीला कोर्टासमोरच्या वळणावर बस जरा मंद झाली, तेवढ्यात त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि ओरडून सांगितलं, "वकीलसाहेब, तुमचे तायडे मास्तर गेले हो पहाटे!" बस धुरळा उडवत पुढे निघून गेली. ऐकल्याबरोबर माझ्या तोंडून काय निघावं? "कोणते तायडे?" अकोल्याच्या कुठल्याही गल्लीत तायडे म्हणून हाक मारली तर चार दारं उघडतील. त्यात बातमी ऐकीव, सांगणारा चालत्या गाडीतला. उभा जन्म वकिली केलेला माणूस असल्या पुराव्यावर स्वतःच्या मित्राला मेला म्हणून मान्य करत नाही. मी हातातली केस पुढच्या तारखेवर टाकून घेतली, अकोल्याची बस धरली आणि मूर्तिजापूर येईपर्यंत त्या कंडक्टरवर नाना तऱ्हेचे संशय घेत बसलो. अकोल्याला उतरून तायड्याच्या गल्लीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा अंगणाबाहेरपर्यंत चपला पसरलेल्या दिसल्या. मग मात्र संशयाला जागा उरली नाही...

या गोष्टीला आता दीड महिना होत आला. वर्तमानपत्राच्या पुरवणीच्या संपादकांनी चार ओळी लिहून मागितल्या तेव्हा मी टाळाटाळ केली, कारण महादेवविषयी लिहायचं म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या एका राष्ट्राध्यक्षाविषयी लिहावं लागणार. तो अध्यक्ष कधीच वारला, आणि त्याच्या देशाचं नाव मी इथे मुद्दाम देत नाही. एका अध्यक्षाच्या नावावरून चौकशी बसलेली मी एकदा पाहिली आहे. दुसरी ओढवून घ्यायची मला हौस नाही. पण त्या अध्यक्षाशिवाय महादेवची गोष्ट सांगता येत नाही, आणि महादेवने त्या गोष्टीत मला फसवलं की नाही हा प्रश्न मी कितीतरी वर्षं मनात घोळवला आहे. तो जिवंत असताना त्याला निदान विचारून छळता तरी येत होतं.

आम्ही अमरावतीला एका शाळेत होतो. तो मूर्तिजापूरकडच्या खेड्यातून आलेला, वसतिगृहात राहायचा; माझं घर गावातच होतं. त्याचा स्वभाव सगळ्यांवर विश्वास टाकण्याचा, आणि माझा कोणावरही न टाकण्याचा. आमचं कसं जमलं याचं मलाच नवल वाटतं. शाळेमागे एक चहाचं हॉटेल होतं. महादेव महाराचा पोरगा, म्हणून त्याच्यासाठी तिथे कान तुटलेला कप बाहेरच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असायचा, आणि त्याने तो घेऊन बाहेर पायरीवर बसून प्यायचा. मी मालकाला सांगितलं, मलाही तसलाच एक दे. मग आम्ही दोघं पायरीवर बसून पिऊ लागलो. यात माझा काही मोठेपणा नव्हता. आतल्या बाकांत ढेकूण आहेत असा मला पक्का संशय होता. आत डोकावून महादेव हाक मारायचा, "दोन चहा!" आणि त्याच्या आवाजात असा काही रुबाब असायचा की आत बसलेले लोक वळून पाहायचे.

पुढे मी वकिली शिकायला नागपूरला गेलो. त्यालाही यायचं होतं, पण घरचं बघणारं कोणी नव्हतं, म्हणून तो अकोल्याच्या शाळेत इतिहास-भूगोलाचा मास्तर झाला. त्याच्या घराण्यात महिन्याच्या महिन्याला पगार घरी आणणारा तो पहिलाच. शाळा ज्या संस्थेची होती तिचं मुख्य कार्यालय अमरावतीला, त्यामुळे संस्थेच्या कामासाठी तो अधूनमधून यायचा आणि परत जाताना मी त्याला बडनेरा जंक्शनपर्यंत सोडायला जायचो. अकोल्याकडची गाडी येईपर्यंत प्लॅटफॉर्मवर चहा व्हायचा. हाक तीच असायची, "दोन चहा."

आता त्या अध्यक्षाकडे वळतो. अकोल्याला कापसाचा व्यापार करणाऱ्या एका परदेशी कंपनीचा बंगला होता. कंपनीने गाशा गुंडाळला तेव्हा बंगल्यातलं सामान लिलावात निघालं. महादेव खुर्ची घ्यायला गेला आणि पुस्तकांची पेटी घेऊन आला. त्याच्या बायकोने, म्हणजे आमच्या वयनीने, त्यावर त्याला किती ऐकवलं ते मी समोर बसून ऐकलं आहे. पेटीत पुठ्ठा निघालेलं एक जाडजूड इंग्रजी चरित्र होतं आणि स्पॅनिश भाषा शिकण्याचं एक लहान पुस्तक. दोन्ही त्याने इतक्यांदा वाचली की शेवटी पानं सुटी झाली. मी एकदा विचारलं, "अरे, जगात एवढे राजे-महाराजे पडलेत, तुला हाच कुठून सापडला?" तो म्हणाला, "तेच तं. याले कोणीच वाचत नाई. मी नाई वाचला तं बिचारा कोठी जाईन?"

छप्पन साली तो नागपूरला जाऊन बौद्ध झाला. त्याच्या पुढच्याच हिवाळ्यात अकोल्याच्या वाचनालयाने थोर पुरुषांवर व्याख्यानमाला ठेवली. नावाजलेले सगळे थोर पुरुष गावातल्या वकील-डॉक्टरांनी आधीच वाटून घेतले होते. महादेवची पाळी आली तेव्हा त्याने आपला अध्यक्ष काढला आणि पत्रकाचा मजकूर स्वतः लिहून छापखान्यात दिला. पत्रकावर मोठ्या अक्षरांत होतं, "दोन बोनिफासियो", आणि त्याखाली, "एका अध्यक्षाचे चरित्र."

स्पॅनिशात मोठ्या माणसाच्या नावाआधी जो मानाचा शब्द लावतात तो आपण इंग्रजीवरून 'डॉन' म्हणतो. पण महादेवच्या त्या लहान पुस्तकात लिहिलं होतं की तिकडे 'ड' नाही, जीभ दाताला लावून 'द' म्हणायचं. महादेव शब्दाचा पक्का. तो 'दोन'च म्हणायचा. पण हे पत्रक वाचणाऱ्याला कुठून कळणार? वाचनालयाच्या चिटणिसाने त्याला रस्त्यात विचारलं म्हणे, "मास्तर, एकाचं तं सांगून राहिले, मंग दुसऱ्याचं कवा?" महादेव नुसता हसला. आणि माझ्या संशयाला सुरुवात झाली ती इथे. जो माणूस वर्गात नदीचं नावसुद्धा दोनदा फोड करून सांगतो, त्याने व्याख्यानाच्या आरंभी 'दोन म्हणजे आपल्याकडचे राव' एवढं एक वाक्य का बोलू नये? वाचनालयाच्या पटांगणात मी पहिल्या रांगेत बसलो होतो. तो ते वाक्य बोलला नाही.

बोलला मात्र फार सुंदर. आधी नकाशावर बोट ठेवलं तर देशच बोटाखाली झाकला गेला, लोक हसले. मग म्हणाला, एवढ्याशा देशाच्या एका डोंगरी गावात खेचरं हाकणाऱ्याच्या घरी हा बोनिफासियो जन्मला. पाद्र्याकडे चार अक्षरं शिकला आणि तारऑफिसात कारकून झाला. लोक बोलतात एक आणि तारेने कळवतात दुसरंच, हे त्याला कोवळ्या वयात समजलं, आणि तेव्हापासून तो माणसाच्या तोंडाकडे न बघता हाताकडे बघू लागला. देशात यादवी माजली तेव्हा त्याने सरकारी फौजेला तारेने भलत्याच स्टेशनावर पाठवून दिलं. बंडवाले जिंकले, हा मंत्री झाला आणि नवं शतक उजाडल्यावर लवकरच अध्यक्ष. पहिली कारकीर्द सोन्यासारखी. डोंगरावर रेल्वे चढवली, गावोगाव फुकट शाळा काढल्या, मजुराला फटके मारायची चाल बंद केली. बिनतिकीट प्रवास कोणी करायचा नाही, मंत्र्यानेसुद्धा नाही, असा कायदा केला आणि स्वतः तिकीट काढून खालच्या वर्गात बसून फिरला. पटांगण तल्लीन झालं होतं. माझ्या शेजारचे एक आडत्ये मला म्हणाले, "मानूस चांगला दिसून राहिला!" मी म्हटलं, थांबा जरा.

दुसऱ्या कारकिर्दीपासून गोष्टीचा रंग बदलला. या काळात बोनिफासियोला सगळ्यांचा संशय येऊ लागला. प्रत्येक वर्गात त्याची तसबीर लागली. बैठकीत तो खुर्ची भिंतीला टेकवून बसू लागला, पाठीमागे कोणी नको म्हणून. पहारेकऱ्यावर पहारेकरी नेमले. ज्या जिवलग सोबत्याबरोबर त्याने बंड केलं होतं त्यालाच एके दिवशी तुरुंगात टाकलं... इथपर्यंत येता येता पटांगणात कुजबुज सुरू झाली होती. कारण महादेव ज्या संस्थेत नोकरीला होता तिचे अध्यक्ष बापूसाहेब हेही तरुणपणी तारबाबू होते. संस्थेच्या प्रत्येक शाळेत, प्रत्येक वर्गात त्यांची तसबीर होती. तेही भिंतीला पाठ लावल्याशिवाय बसत नसत. आणि ज्या अण्णाजींच्या बरोबरीने त्यांनी संस्था उभी केली त्यांना भर सभेत काढून टाकल्याला फार वर्षं झाली नव्हती. अण्णाजी तेव्हापासून रिद्धपूरला महानुभावांच्या मठाजवळ खोली घेऊन एकटे राहत होते, आणि हे सारं वऱ्हाड जाणून होतं.

महादेवचं मात्र कुजबुजीकडे लक्ष नव्हतं, किंवा असलं तरी दिसत नव्हतं. शेवटाकडे तो हळू बोलू लागला. एके सकाळी एकाही छावणीकडून तारेला उत्तर येईना. म्हातारा अध्यक्ष स्वतः तारयंत्रावर बसला, जुन्या सवयीने बोटं चालवली. तार चालू होती, पलीकडे माणसं होती, पण कोणी उत्तर देत नव्हतं. तो काय ते समजला. आपणच बांधलेल्या रेल्वेने, रीतसर तिकीट काढून तो देश सोडून गेला आणि परमुलखात एका भाड्याच्या खोलीत राहिला. "तिथं रोज संध्याकाळी तो खाली दुकानात उतरे," महादेव म्हणाला, "आणि दोन चहा मागवी. एक स्वतः घेई. दुसरा समोर तसाच राही. तो त्याच्या मित्राचा." इथे महादेवने नकाशा गुंडाळला आणि व्याख्यान संपलं. टाळी वाजायच्या आधी मागून कोणीतरी मोठ्याने विचारलं, "आन मंग दुसरा बोनिफाशी कोण, मास्तर?" अख्खं पटांगण हसलं.

त्या हसण्याचा आवाज सकाळच्या पहिल्या बसने अमरावतीला पोचला असावा. आठवडा उलटायच्या आत महादेवला चौकशीला बोलावणं आलं. तो माझ्या घरी आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "वसंता," तो म्हणाला, "नोकरी गेली तं मी पोरीले काय सांगू? माह्या घरात मागं पाहाले कोणी नाई." मी त्याला सरळ विचारलं, "आधी मला सांग, बापूसाहेबांना टोमणा मारायचा होता की नव्हता?" तो उठून उभा राहिला. मग म्हणाला, "तूही?" याला उत्तर म्हणत नाहीत, हे कोणताही वकील सांगेल. पण मी ते चरित्र त्याच्याकडून घेतलं आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढलं. तारऑफिस होतं, तसबिरी होत्या, भिंतीला टेकवलेली खुर्ची होती, तुरुंगात टाकलेला सोबती होता. शेवटची खोलीही होती. ते दोन कप मात्र कुठे सापडले नाहीत.

चौकशीला वकील चालणार नाही असं कळवल्यामुळे मी 'हितचिंतक' म्हणून गेलो. बापूसाहेब कोपऱ्यात, भिंतीला टेकून बसले होते. शेजारी एक पेन्शनर तहसीलदार आणि मान डोलवायला आणखी दोघे. प्रश्न सगळे तहसीलदारच विचारत होते.

"पत्रक तुमीच लिवलं ना, मास्तर?"

"हाव."

"वरतं लिवलं दोन. खालतं लिवलं एका अध्यक्षाचे चरित्र. मंग दुसरा कोठी गेला?"

"दुसरा नाईच, साहेब. दोन म्हणजे राव. आता आपण कसं बापूराव म्हणतो, तसं ते..."

तहसीलदारांनी टाक खाली ठेवला. "लिहून घ्या," ते कारकुनाला म्हणाले, "बापूसाहेबांचं नाव यानं आपल्या तोंडानं घेतलं!"

मी कपाळाला हात लावला. मग उठून ते स्पॅनिशचं लहान पुस्तक पुढे केलं. तहसीलदार म्हणाले, "डी-ओ-एन डॉन होते. इंग्रजाच्या राज्यात नोकरी केली म्या, मले शिकवता?" मी पुस्तकातलं वाचून दाखवलं की जीभ दाताला लावायची, आणि सगळ्यांनी एकदा लावून बघावी अशी विनंती केली. बापूसाहेब सोडून ते तिघं प्रतिष्ठित गृहस्थ जीभ दाताला लावून 'द... द...' करत बसले. बाहेर उभा असलेला शिपाई आत डोकावून गेला. त्या मुद्द्यावर आम्ही जिंकलो असं मला वाटलं. मी समितीला शब्द दिला की दुसरा बोनिफासियो म्हणून कोणीही नाही, पत्रकात नाही, व्याख्यानात नाही आणि मास्तरांच्या मनातही नाही.

पण तहसीलदार मुरलेले होते. "बरं, हे सांगा. पुस्तकात पानापानावर कॉफी हाय. कॉफीचाच मुलूख हाय तो. मंग तुमच्या अध्यक्षानं शेवटी चहा काहून मागतला? चहा तं आमी पेतो, इथं!"

महादेवची मान खाली गेली. आणि तोवर एक शब्द न बोललेले बापूसाहेब कोपऱ्यातून म्हणाले, "ते दोन कप कोणत्या पानावर हायेत?"

थाप मारावी तर पुस्तक टेबलावर पडलेलं. महादेवने मान वर केली. "पानावर नाईत, साहेब. ते मी टाकले."

"काहून?"

"तो एकटा बसून पेते, असं म्हणायले माही जीभच वळली नाई."

बापूसाहेब महादेवकडे बघत राहिले, मग खिडकीकडे बघत राहिले. शेवटी म्हणाले, "जा तुमी." चौकशी तिथेच संपली, आरोप कागदावर आलाच नाही. बाहेर पडल्यावर मी महादेवची पाठ थोपटली. काय बिनतोड उत्तर दिलंस, म्हटलं. तो चिडला. "उत्तर नोतं ते, वसंता," म्हणाला. पण मी ते बिनतोड उत्तर म्हणूनच मनात ठेवलं. माणूस खरं बोलतो तेव्हा इतकं नेमकं बोलत नाही, असा माझा अनुभव आहे... निदान तेव्हा होता.

महिन्याभरात हुकूम आला. संस्थेने धारणीला नवी शाळा काढली होती आणि तायडे मास्तरांना तिथे हेडमास्तर नेमलं होतं. बढती म्हणावी तर मेळघाटातल्या जंगलात, जिथे पावसाळ्यात बससुद्धा पोचायची नाही. शिक्षा म्हणावी तर हेडमास्तर. वयनी रडली, मुलीची शाळा बुडेल म्हणून तिला आजोळी ठेवली. मी म्हटलं, यात डाव आहे, आपण कोर्टात जाऊ. महादेव म्हणाला, "हेडमास्तर झालो ना बाप्पा, अजून काय पाहिजे?" तो गेला, आणि पुढची कितीतरी वर्षं तिथेच राहिला. तिथल्या कोरकू आदिवासींच्या मुलांनाही त्याने बोनिफासियो सांगितला. त्या मुलांनी दुसरा कोण असं एकदाही विचारलं नाही. त्यांना फक्त खेचरांबद्दल ऐकायचं होतं. दरवर्षी तो हिवतापाने अंथरूण धरायचा आणि दरवर्षी थोडा कमी होऊन उठायचा. सुटीत परतवाड्यावरून अमरावतीला उतरला की मी त्याला बडनेऱ्याला पोचवायला जायचो. त्याने "दोन चहा" म्हटलं की मी टोचायचो, "म्हणजे चहाराव का रे? की दोन कप?" तो हसायचा. "तू वकील, तूच ठरव."

मला त्याचं हे हसणंच खरं वाटायचं नाही. एकदा बापूसाहेबांची मोटार रिद्धपूरला अण्णाजींच्या खोलीबाहेर उभी दिसली असं कोणीतरी सांगत आलं. मी म्हटलं, मोटार कोणाचीही असेल. पण महादेवला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा असा उजळला की माझा संशय दुणावला. म्हणजे बाण तिकडेच मारला होता तर! आणि मी भर समितीत शब्द देऊन बसलो होतो की कोणावरही मारलेला नाही. मित्राने आपला असा उपयोग करून घेतला असेल तर तो मित्र कसला, हा विचार माझी पाठ सोडत नसे. राग आला तरी भेटीगाठी चालू राहिल्या. प्रेम होतं, ते कुठे जाणार?

धारणीहून तो परत आला तो हाडांचा सापळा होऊन. अकोल्यात जेमतेम दोन पावसाळे काढले त्याने. अंत्ययात्रेला बापूसाहेब आले होते. फार थकले आहेत आता. गर्दीपासून दूर, कुंपणाच्या भिंतीला पाठ लावून उभे होते. मी जवळून जाताना त्यांनी माझा हात धरला. "वकीलसाहेब, आता तं सांगा. मी होतो का त्याच्यात?" तोच प्रश्न मी स्वतः इतकी वर्षं विचारत होतो. मी खरं तेच सांगितलं, "मला माहीत नाही." त्यांनी हात सोडला. त्यांना 'हो' हवं होतं की 'नाही', हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

मागच्या रविवारी मी पुन्हा अकोल्याला गेलो. घरात बुद्धाच्या मूर्तीसमोर मेणबत्ती लावलेली होती, तिच्या खाली त्याचा फोटो. मुलगी आता स्वतः मास्तरीण झाली आहे, ती शिकवणीला गेली होती. वयनीने चहा आणला आणि दोन्ही कप माझ्याच समोर ठेवले. मला वाटलं, एक तिचा. पण ती तर खाली चटईवर बसली आणि कपाला हात लावीना. माझा स्वभाव जागा झाला. मी विचारलं, "वयनी, कोणी यायचं आहे का?"

"नाई हो भाऊजी, हात चुकला," ती म्हणाली. "घराले वळणच पडलं. ते एकटे बसले की दोन मांडत. मी लगन करून आली तवापासून पाहून राहिली."

लग्न करून आली तेव्हापासून... म्हणजे ते चरित्र, ते व्याख्यान, ती चौकशी, सगळ्याच्या कितीतरी आधीपासून. माझ्या तोंडून निघालं, "दुसरा कोणाचा?"

"तुमचा ना! तुमाले मालूम नोतं? तुमी नागपूरले गेले तवा सवय लागली म्हणत. धारणीले तं रोज. थंडा झाला की मंग तोही पेऊन घेत. म्हणत, वसंता कोर्टात अडकला असन, त्याले यायले वेळ लागते."

"तुम्ही कधी सांगितलं नाही?"

"तुमी आले की दोन लागतच ना भाऊजी. मंग सांगाचं काय होतं त्याच्यात?"

मी दोन्ही कप प्यायलो. समितीने विचारलं होतं, पटांगणाने विचारलं होतं, बापूसाहेबांनी शेवटी माझा हात धरून विचारलं होतं की दुसरा कोण. दुसरा बोनिफासियो म्हणजे महादेवच, आमच्या डोळ्यांसमोर टेबलाशी उभा राहून बोलत होता. परमुलखातल्या खोलीत त्या म्हाताऱ्याला एकटं सोडवेना म्हणून त्याने आपला कप त्याच्यासमोर ठेवला, आणि कॉफीच्या मुलखात चहा गेला. तहसीलदारांनी पुरावा बरोबर पकडला होता, पण माणूस कोणीच ओळखला नाही, मीही नाही. बापूसाहेबांना हे कळवायला हवं. कळल्यावर त्यांना सुटल्यासारखं वाटेल की वाईट वाटेल, देव जाणे.

परतीची गाडी बडनेऱ्याला उतरवून देते. तिथून अमरावतीची गाडी मिळायला वेळ होता. प्लॅटफॉर्मवर चहावाला किटली घेऊन आला. मी म्हटलं, "दोन चहा." त्याने दोन कप भरले, बाकावर माझ्याशेजारी ठेवले, इकडेतिकडे पाहिलं. बाकावर मी एकटाच होतो. "दुसरा कोणाचा, साहेब?" त्याने विचारलं.

याच प्रश्नाला भर समितीत मी शब्द देऊन उत्तर दिलं होतं की दुसरा कोणी नाही. "राहू दे," मी त्याला म्हटलं, "आहे दुसरा. त्याला यायला जरा वेळ लागेल."